डाव्या कमरेचं शिंग

अल कुसैस, दुबई
९ जून २०२५

केरूदादा,

सलाम. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र चुलीत घातलं नाहीस असं धरून चालतो. घातलं असशील तर पुढचं सगळं मी तुझ्या चुलीशी बोलतोय, आणि तीही तुझ्याइतकीच कमी बोलणारी असणार.

मी मुझम्मिल. अकरा वर्षं तुझ्यासमोर एकाच टेबलाला बसून धातूवर नक्षी कोरायला शिकलेला. तू मला मुझ्या म्हणायचास. आता दुकानात सगळे मुझम्मिलभाई म्हणतात, कारण मी फोरमन झालोय. फोरमन म्हणजे काय, तर लेझर मशीनचं बटण दाबणारा आणि मशीन बिघडलं की शिव्या खाणारा.

बारा वर्षांनी लिहायचं कारण रफिक. इथे रोल्याला किराणा दुकान असलेला, तुमच्या पलीकडच्या वाडीतला. तो गेल्या महिन्यात गावाहून आला आणि तुझ्याबद्दल सांगत बसला. म्हणाला, केरू अजून आजोबांची ठासणीची बंदूक घेऊन भाताची राखण करतो. बारूद मात्र खोकल्याच्या औषधाच्या प्लास्टिकच्या बाटलीत ठेवतो. गेल्या हंगामात बाटलीत पाणी शिरलं, बारूद भिजली, बंदूक उडली नाही आणि रानडुकराने तुझी मांडी फाडली. अकरा टाके. तू राखणीच्या माळ्यावरून खाली का उतरलास ते रफिकला ठाऊक नव्हतं. मला आहे. तू हवेत बार काढतोस, आणि डुक्कर समोर दिसल्याशिवाय काढत नाहीस.

बाटलीचं ऐकून मला एकदम तुझं शिंग आठवलं. म्हणजे तुझ्या आजोबांचं, बारूद ठेवायचं, पुरात वाहून गेलेलं. दुपारच्या डब्याच्या वेळी तू किती वेळा सांगितलं होतंस ते. त्याचं लाकडी बूड, टोकाला बुचासारखी गुडदी, अंगावर कोरलेली खाडी आणि आजोबांचं नाव. 'मुझ्या, एकदा तसं करायचंय,' म्हणायचास. इतरांसाठी हजार वस्तू कोरल्यास आणि स्वतःसाठी एकही नाही.

तर ते मी करतोय. ईदला आम्ही सात जणांनी मिळून एक बैल घेतला. हिस्से पाडून झाल्यावर मी कत्तलखान्यातल्या माणसाला शिंग मागितलं. तो म्हणाला, "सींग का क्या करेगा, हबीबी? सूप बनाएगा?" दोन्ही शिंगं कापून दिली त्याने. त्यातलं जास्त चांगलं, काळं, टोकाला पांढरट होत गेलेलं, मी घेतलं. दुसरं रफिकने नेलं. काल दुकानाच्या मागच्या बाजूला गॅस लावून माझं उकळलं आणि आतला गाभा काढला. वास असा सुटला की शेजारच्या टायरवाल्याने दुकान बंद केलं. जहांआराने मला दारातच उभं करून कपडे बदलायला लावले.

एक सांगून ठेवतो. २०१५ साली मी तुला चार सेलची बॅटरी पाठवली होती. ती न उघडता परत आली, खोक्यावरची माझी चिकटपट्टीसुद्धा तशीच. हे शिंगही परत आलं तर मी समजेन. पुन्हा त्रास देणार नाही.

मुझम्मिल


अल कुसैस
२७ जुलै

केरूदादा,

उत्तर नाही. ठीक आहे, मी धरलंच नव्हतं.

शिंगाची प्रगती कळवतो. पन्नास अंश उन्हात दुकानाचा एसी दोन दिवस बंद होता तरी काचेच्या तुकड्याने खरवडायचं थांबवलं नाही. आता भिंत इतकी पातळ झालीय की उन्हासमोर धरलं की आतून मधासारखा रंग दिसतो. बुडासाठी लाकूड हवं होतं. खोरच्या, म्हणजे इथल्या खाडीच्या, काठावर एक जुनी लाँच मोडत होते, तिच्या फळीचा सागवान तुकडा मागून आणला. पन्नास वर्षं समुद्रात राहिलेलं लाकूड आहे, तुझ्या कोकणातल्या पावसाला घाबरायचं नाही. शिंगाचं रुंद तोंड गरम पाण्यात मऊ करून त्यावर दाबून बसवलं. परवा पाणी भरून रात्रभर ठेवलं, थेंब गळला नाही. ज्यातून पाणी बाहेर येत नाही, त्यात ते आतही जाणार नाही.

कोरकाम मात्र हातानेच करतोय. माझी अलिशा, बारा वर्षांची आहे आता, शेजारी येऊन बघत होती. म्हणाली, "बाबा, धिस इज सो स्लो. लेझर विल डू इट इन टेन मिनिट्स." मी म्हटलं, हे ज्याच्यासाठी आहे त्याला दहा मिनिटांत केलेलं ओळखू येतं. ती म्हणाली, "हाऊ?" मग मी तिला तुझी कॉफीच्या सुरईची गोष्ट सांगितली.

आठवते? तो वाळवंटातला म्हातारा बदू गिऱ्हाईक आपला ससाणा मनगटावर घेऊन आला होता. त्याला सुरईवर तोच ससाणा हवा होता. दुकान चालवणारा मुदीर म्हणाला फोटो काढून ठेवा. तू फोटो काढला नाहीस. पक्ष्याकडे अर्धा तास नुसता बघत बसलास, चहा गार झाला. मग पेन्सिल न लावता थेट चांदीवर कोरायचं कलम टेकवलंस. आठ दिवसांनी म्हातारा आला, सुरई हातात घेतली आणि पक्ष्याच्या पायावरून बोट फिरवायला लागला. ससाण्याच्या डाव्या पायाचं एक नख अर्धं तुटलेलं होतं. तू ते कोरलं होतंस. म्हाताऱ्याने सुरई छातीशी धरली आणि तुझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तेव्हा दुकानात येऊन दुसरंच वर्ष होतं. त्या दिवशी मी ठरवलं की मला ट्रक चालवायचा नाही, हे करायचं.

मला तुझ्यासारखं कधीच आलं नाही. मला वेग आला, तुला नजर होती. मी नक्षी शिकलो, तू वस्तू बघायला शिकवत होतास. एवढं तुला तोंडावर कधी सांगितलं नाही, आता सांगतो.

शिंगावर खाडी घेतलीय. तराचा धक्का, आमची मशीद, तुमची गावदेवी, मधला तुझा मळा. मळ्यात चार खांबांचा माळा. माळ्यावर माणूस काढलेला नाही, तो तू असतोस. सुईने रेघा ओढून त्यात काजळ आणि तेल चोळतो. जहांआराची काजळाची डबी संपली, ती म्हणते केरूभाऊंसाठी आहे म्हणून बोलत नाही.

त्या चांदीच्या ताटाबद्दल लिहिणार नव्हतो, पण न लिहिणंही बरं दिसत नाही. ताटावर तो ओरखडा पडला आणि तुझी नोकरी गेली, याचं मला फार वाईट वाटलं होतं. वाटतं.

मुझम्मिल


अल कुसैस
१४ सप्टेंबर

केरूदादा,

आज तुला हसायला कारण देतो. मग जे सांगायचं आहे ते सांगतो. मधेच पत्र ठेवू नकोस.

शिंग परवा पूर्ण झालं. पट्टा लावला, गुडदी बसवली, अंगावर घालून आरशासमोर उभा राहिलो. उजव्या कमरेला असं बिलगलं की वाटलं तिथेच उगवलंय. जहांआराला हाक मारली. तिने बघितलं, शिंगाकडे नाही, माझ्या कमरेकडे.

"हे तुम्ही कुणासाठी केलंय?"

"केरूदादासाठी."

"मग इकडे का लटकवलंय? केरूभाऊ डावरे आहेत ना."

मी तिला म्हटलं, वेडी आहेस का, अकरा वर्षं मी त्याच्यासमोर बसलो. ती म्हणाली, मी त्यांना मासे साफ करताना बघितलंय, सुरी डाव्या हातात असायची. मग तिने जुना फोटो काढला, दुकानाच्या टेबलावरचा. तुझ्या डाव्या हातात कलम.

केरूदादा, मी विसरलो कसा, यावर दोन दिवस डोकं खाजवलं. एक तर तू समोर बसायचास, तुझा डावा हात माझ्या उजव्या बाजूला यायचा, आणि शिकणाऱ्याला समोरचं आरशासारखंच दिसतं. दुसरं म्हणजे आपण रोज एका ताटात जेवायचो. जेवताना तू आईच्या माराने शिकलेला उजवा हातच वापरायचास. माझ्या आठवणीतला तुझा हात हा घास उचलणारा हात आहे. म्हणून मी भल्या उत्साहाने बैलाचं चुकीच्या बाजूचं शिंग निवडलं. एका बाजूचं शिंग उजव्या कमरेला बिलगतं, दुसऱ्या बाजूचं डाव्या. तू हे बांधलंस तर टोक पोटात घुसेल. ज्याने अर्धं तुटलेलं नख बघितलं, त्याचा चेला असा.

हसलास? आता पुढचं.

तुझा डावा हात आठवला, आणि त्याच्या मागोमाग ते ताट आठवलं. नीट आठवलं, बारा वर्षांत पहिल्यांदा.

मार्च २०१३. चांदीचं मोठं ताट, मधे ससाणा. तू तीन आठवडे केलं होतंस, फक्त छातीची पिसं राहिली होती. त्या दिवशी तू तापाने खोलीवर होतास. मुदीर म्हणाला हात लावू नका, केरू करेल. मला वाटलं मीही करू शकतो. तू नव्हतास, कुणी बघत नव्हतं, मी तुझ्या जागेवर बसलो. कलम सटकलं आणि छातीपासून डोळ्यापर्यंत गेलं.

ओरखडा पडला नाही, केरूदादा. मी पाडला. मागच्या पत्रात लिहिलं तेव्हाही मी तो आपोआप पडल्यासारखा लिहिला. तेवढी सवय झालीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू कामावर आलास आणि मुदीरने ताट सगळ्यांसमोर आपटलं. "किसने किया? अभी बोलो." मी जमिनीकडे बघत होतो. जहांआराला आणून दोनच महिने झाले होते, ती सात महिन्यांची गरोदर होती, माझा व्हिसा गेला असता तर तिचाही गेला असता. हे सगळं खरं आहे, आणि तरी मी बोलायला हवं होतं. तू ताट उचललंस. ओरखड्यावरून अंगठा फिरवलास. माझ्याकडे बघितलं नाहीस. म्हणालास, "मेरे हाथ से हुआ." मुदीर म्हणाला, खलास.

बारा वर्षं मी स्वतःला समजावत आलो की तुला खरंच तसं वाटलं असेल. तुला नुकताच चष्मा लागला होता, ताप होता, खोलीवर पडायच्या आधीच तुझ्याकडून झालं असेल आणि लक्षात आलं नसेल, असं तुला वाटलं असेल. मला झोप लागावी म्हणून मी ही गोष्ट तयार केली होती आणि ती चांगली चालत होती.

पण उजव्या हाताचा माणूस कलम उजवीकडून डावीकडे ढकलतो. तू डावीकडून उजवीकडे ढकलतोस. सटकलेलं कलम जिथून निघतं तिथे खोल जातं आणि पुढे बारीक होत जातं. तो ओरखडा उजवीकडे खोल होता. मुदीरला ते कळणार नव्हतं. तुला अंगठा फिरवताच कळलं. तो ओरखडा तुझ्या हाताने होऊच शकत नव्हता, आणि त्या खोलीत हे वाचता येणारे दोघेच होतो. एकाने वाचलं आणि स्वतःच्या अंगावर घेतलं. दुसऱ्याने बारा वर्षं वाचलंच नाही.

त्यानंतर तू सत्तावीस दिवस खोलीवर होतास. मी जेवणाच्या वेळा बदलल्या. जहांआराला दवाखान्यात न्यायचंय म्हणून सांगायचो. विमानतळावर आलो नाही. तेव्हापासून गावाला तीनदा आलो आणि तिन्ही वेळा तुमच्या वाडीची वाट टाळून वरच्या रस्त्याने गेलो. एकदा तू मळ्यात दिसलास. रिक्षावाल्याला म्हटलं, जरा लवकर चल.

माझी चूक झाली, केरूदादा. ताटाची चूक लहान होती. मोठी तुझ्यासमोर न येण्याची होती. हे जहांआराला काल सांगितलं. ती म्हणाली, "अलिशा इथे जन्मली ती केरूभाऊंमुळे. तुम्ही मला एवढंही कळू दिलं नाहीत." आणि आत निघून गेली.

मुझम्मिल


अल कुसैस
८ ऑक्टोबर

केरूदादा,

रफिक परवा गावाला निघतोय, बहिणीच्या घरभरणीला. हे पत्र आणि शिंग त्याच्याबरोबर.

दुसरं शिंग त्याच्याकडेच होतं. दुकानाच्या गल्ल्यामागे भिंतीत ठोकून त्याला किल्ल्या अडकवल्या होत्या. देईना. म्हणे गिऱ्हाइकं विचारतात, शोभा आहे. मी तुझं नाव घेतलं. त्याने किल्ल्या काढल्या, खिळा उपसला आणि शिंग पुसून हातात दिलं. "केरूला द्यायचंय तर आधी का नाही सांगितलंस, यार," म्हणाला. तुझं नाव अजून असं चालतं. वरच्या बाजूला खिळ्याचं भोक आहे, तिथे मी पट्ट्याची कडी बसवलीय, म्हणजे तेही वाया गेलं नाही.

पहिल्याला तीन महिने लागले, हे वीस दिवसांत झालं. आणि खरं सांगतो, हे जास्त चांगलं झालंय. पहिलं करताना मला दाखवायचं होतं. हे करताना तसलं काही नव्हतं. खाडी यावेळी वळणावर तिच्या अंगाने वळलीय. तराचा धक्का कोरताना त्याची खचलेली तिसरी पायरी आठवली, तीही घेतली. तुला दिसेल.

बुडाजवळ लिहिलंय, 'केरू याचं शिंग'. त्याखाली 'करणारा' एवढा शब्द आहे आणि पुढे जागा कोरी. पहिल्या शिंगावर मी तिथे माझं नाव ऐटीत घातलं होतं. या शिंगावर घालायला हात धजला नाही. कोरी जागा वाईट दिसत नाही, पॉलिश करून ठेवलीय.

भात पिवळं पडलं असेल. डुकरं उतरतील. बाकीचं काही असो, त्या प्लास्टिकच्या बाटलीत पुन्हा बारूद ठेवू नकोस. शिंग नको असेल तर रफिककडे परत दे. मी विचारणार नाही.

मुझम्मिल


अल कुसैस
१६ नोव्हेंबर

केरूदादा,

रफिक काल आला. दुकानात शिरला आणि पिशवीतून खोकं काढून टेबलावर ठेवलं. माझंच खोकं. शिंग परत आलं होतं.

मी म्हटलं, ठीक आहे. दोनदा म्हटलं बहुतेक. रफिक म्हणाला, "उघड तर." मी म्हटलं मला ठाऊक आहे आत काय आहे, मीच भरलंय. तो म्हणाला, "चिकटपट्टी बघ." चिकटपट्टी माझी नव्हती. शेतकी दुकानातली खाकी, वेडीवाकडी लावलेली. तू उघडलं होतंस.

शिंग बाहेर काढलं. आधी गुडदी काढून वास घेतला, बारूदचा वास नव्हता. वापरलं नव्हतंस. मग फिरवून बुडाकडे आणलं तेव्हा दिसलं. 'करणारा' या शब्दापुढे, कोऱ्या जागेत, दोन अक्षरांची नक्षी होती. जवळ घेण्याआधी मी डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. रेघ डावीकडे खोल होती, उजवीकडे बारीक होत गेली होती. केरूदादा, बारा वर्षांनी कलम हातात धरलंस आणि एकही रेघ सटकली नाही.

मग वाचलं. 'मुझ्या'.

मी त्या टायरवाल्यासमोर, रफिकसमोर, लेझर मशीनसमोर रडलो. फोरमन आहे म्हणून कुणी हसलं नाही.

तुझी चिठ्ठी शिंगाच्या पोटात बारीक गुंडाळी करून ठेवलेली होती, ती घरी येऊन वाचली. जहांआराला मोठ्याने वाचून दाखवली. इथे पुन्हा लिहून काढतो, कारण रोज बघावीशी वाटते:

'मुझ्या, तुझं तिसरं पत्र मिळालं. तेवढं ऐकायला मी सत्तावीस दिवस खोलीवर थांबलो होतो, पुढची बारा वर्षं वाट बघितली नाही. शिंग चांगलं झालंय. तिसरी पायरी बरोबर आहे. पण रफिकच्या हातून घेणार नाही. ज्याने केलं त्याने आणून द्यायचं असतं. तोवर बारूद डब्यात ठेवतोय, पत्र्याच्या. खालच्या रस्त्याने ये.'

जहांआराने चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, घडी केली आणि पासपोर्टच्या पाकिटात ठेवली. म्हणाली, यल्ला, तिकिटं काढा. अलिशाने विचारलं, "कीर्रू अंकल इज द लेफ्टी वन?" मी म्हटलं हो, तोच. ती म्हणाली, "आय वॉन्ट टू सी हिम डू द क्लॉ."

इथल्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी जोडून रजा मिळालीय. २९ तारखेला तिघंही निघतोय. शिंग हातातल्या बॅगेत ठेवणार, सामानात टाकणार नाही. कस्टमवाल्याने विचारलं तर सांगेन रिकामं आहे, मालकाने अजून भरलेलं नाही.

पहिलं शिंगही आणतोय. माझ्याकडे बंदूक नाही, परवाना नाही, पण ते माझ्या उजव्या कमरेला बसतं. त्यात जहांआरा भाजलेले काजू भरून देणार आहे.

एकच मागणं आहे. माळ्यावर मला या खेपेला समोर बसवू नकोस. शेजारी बसव.

तुझा
मुझ्या